वाशिमहून चेन्नई : अंतराची सूट मिळते का?

प्रश्न : मी मालेगाव तालुक्यातला. दुचाकीच्या गॅरेजमध्ये काम करतो. १६० सीसीची एक जुनी गाडी घेऊन ती मी स्वतः तयार केली आहे आणि ड्रॅग रेसमध्ये एकदा तरी उतरायची इच्छा आहे. पण राष्ट्रीय स्पर्धा चेन्नईला, आणि महाराष्ट्रात काही झालंच तर ते लोणावळ्याकडं. तिकडची पोरं सकाळी चहा पिऊन ट्रॅकवर येणार, आम्ही मात्र दोन दिवस आधी निघायचं, मजुरी बुडवायची, वर खर्च वेगळा. आमच्यासारख्या हौशी स्पर्धकाला अंतराची काही सूट किंवा जादा गुण मिळतात का? बाहेरच्या देशांत मिळतात का? माझे मामा शंकरपटाला बैलजोडी नेतात. ते म्हणतात, ‘लांबून आलेल्याले जेवण भेटते, सेकंद नाई भेटत.’ हे इथंही खरं आहे का? आणि गाडी रेल्वेनं पाठवता येते का?
– एक वाचक, ता. मालेगाव, जि. वाशिम

उत्तर : मामांचं इथंही खरं आहे. ड्रॅग रेसमध्ये अंतराचे गुण कुठंच देत नाहीत. चेन्नईत नाहीत, अमेरिकेतही नाहीत. मात्र तुम्हाला जो अन्याय जाणवतो तोही खोटा नाही. फक्त तो तुम्ही दाखवता त्या जागी नाही, थोडा सरकून बसला आहे.

इतर वाचकांसाठी आधी दोन ओळी. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. वळण नाही, फेऱ्या नाहीत. सपाट पट्टीवर दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहतात, समोरच्या खांबावर पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. त्याच्या आधी चाक हललं तर लाल दिवा लागून स्पर्धक बाद. रूढ अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. कोण आधी पोचलं ते दिसतंच, शिवाय प्रत्येकाची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. भारतात या खेळाचा कारभार मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाकडं, म्हणजे एफएमएससीआयकडं आहे. त्यांचा परवाना काढल्याशिवाय राष्ट्रीय स्पर्धेत उतरता येत नाही. राष्ट्रीय मोटारसायकल ड्रॅग स्पर्धेच्या फेऱ्या गेली कित्येक वर्षं मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई इथं मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या ट्रॅकवर होतात. तिथं १६५ सीसीपर्यंतच्या चार-स्ट्रोक गाड्यांचा वेगळा वर्ग असतो. तेव्हा तुमच्या गाडीला जागा आहे, हजार सीसीच्या गाड्या पाहून दबून जाऊ नका.

आता नकाशा उघडा. वाशिमहून हिंगोली, नांदेड, हैदराबाद करत चेन्नई हजार-अकराशे किलोमीटर पडतं. पुण्याहून त्याच्यापेक्षा जास्त, आणि मुंबईहून तेराशेच्या पुढं. दिल्लीच्या पोराला तर दोन हजारांवर. म्हणजे नुसते किलोमीटरच मोजायचे ठरवले तर तुम्ही मुंबईकरापेक्षा चेन्नईच्या जवळ राहता! विदर्भात आपल्याला कुठलंही अंतर दिसलं की अनुशेष आठवतो, आणि बऱ्याचदा तो असतोही. इथं मात्र अख्खा महाराष्ट्रच मागं आहे. देशातले मोटार शर्यतींचे नावाजलेले कायमचे ट्रॅक म्हणजे इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा कारी आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध. त्यातले दोन एकट्या तमिळनाडूत. आपल्याकडं लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाची ड्रॅग शर्यत झाली आहे. तेही वाशिमपासून पाचशे किलोमीटरच्या आसपास.

मग मुंबईकर तक्रार का करत नाही? कारण त्याच्या दारातून चेन्नईला थेट रेल्वे जाते, विमान जातं, आणि रोज निघणाऱ्या मालट्रकवर गाडी चढवता येते. तुम्हाला आधी अकोला, नांदेड नाही तर नागपूर गाठायचं, मग प्रवास सुरू. वाशिम केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. ही यादी आरोग्य, शिक्षण, शेती बघून केलेली. शर्यतींचा तिच्याशी संबंध नाही. तरी एका जागेहून दुसऱ्या जागी जायला किती वेळा उतरून चढावं लागतं, यावरून जिल्ह्याचं बरंच काही कळतं.

खर्चाचा अंदाज करू. पिकअपमध्ये गाडी घालून नेली, जाऊन-येऊन २,१०० किलोमीटर धरले आणि पिकअप लिटरला १२ किलोमीटर देते असं मानलं, तर १७५ लिटर डिझेल लागेल. ९० रुपयांनी ते १५,७५० होतं. टोल, मुक्काम, जेवण, प्रवेश फी, बुडालेली मजुरी वेगळी. चांगली तयार केलेली १६० सीसीची गाडी पाव मैलाला पंधरा सेकंदांच्या आतबाहेर घेते. पहिल्याच फेरीत हरलात तर एका सेकंदाला नुसतं डिझेलच हजार रुपयांचं झालं.

पण हौशी माणूस हौसेसाठी पैसा घालतोच. कर्ज काढून जोडी घेणारे लोक तुम्ही पाहिले असतील. त्यामुळं पैशाचा भाग मी इथंच सोडतो. पैसा उभा करूनही जे भरून निघत नाही, ते जास्त जाचक आहे, आणि ती आहे सरावाची उणीव. ड्रॅग रेसचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या वीस मीटरमध्ये लागतो. क्लच किती सोडायचा, मागचं चाक घसरू न देता आणि पुढचं उचलू न देता किती ताकद रस्त्यावर उतरवायची, दिव्याबरोबर हात कधी हलवायचा, हे त्याच पट्टीवर पुन्हा पुन्हा केल्याशिवाय येत नाही. बेंगळुरूचा हेमंत मुद्दप्पा या खेळातला आपल्याकडचा सर्वांत यशस्वी स्पर्धक. दहाहून अधिक राष्ट्रीय किताब त्याच्या नावावर आहेत. त्याचं कसब वादातीत आहे. पण बेंगळुरूहून चेन्नई साडेतीनशे किलोमीटर, रात्री निघून सकाळी पोचता येतं, हेही विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट हवेची. तुम्ही गॅरेजवाले, म्हणून जरा खोलात जातो. वाशिम समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, चेन्नई समुद्राकाठी. तिथली हवा आपल्यापेक्षा सुमारे ५ टक्के दाट. गाडी बीएस-६ च्या आधीची, कार्बोरेटरची असेल आणि तुम्ही जेट इथल्या हवेवर बसवला असेल, तर तिथं इंजिनात हवा जास्त जाईल, पेट्रोल त्या मानानं कमी पडेल. गाडी तापेल, जोर लावला की अडखळेल, वाईट नशीब असेल तर पिस्टन धरेल. तिथला उकाडा आणि दमटपणा हा फरक थोडा कमी करतात, पण पुरता पुसत नाहीत. एक-दोन मोठे जेट खिशात घेऊन जा. चेन्नईच्या पोराला हे काहीच करावं लागत नाही, त्याची गाडी त्याच हवेत वाढलेली.

आता गंमत अशी की हवेतल्या या फरकाला अमेरिकेत सूट आहे. डेन्व्हरजवळ बँडिमेअर नावाचा ट्रॅक होता, २०२३ मध्ये बंद झाला. तो समुद्रसपाटीपासून साडेसतराशे मीटरवर. तिथल्या विरळ हवेत गाड्या मंद पळत, म्हणून अशा ठिकाणी ठरावीक वर्गांच्या अपेक्षित वेळा उंचीप्रमाणं बदलून धरतात. गाड्यांच्या ताकदीतल्या फरकालाही सूट आहे: ब्रॅकेट रेसिंग नावाच्या प्रकारात प्रत्येकानं आपली वेळ आधी सांगायची, आणि मंद गाडीला तेवढ्या फरकानं आधी सोडायचं. म्हणजे उंचीला सूट, इंजिनाला सूट, अंतराला मात्र नाही. याचं कारण साधं आहे. उंची मोजता येते, इंजिन मोजता येतं. पण पाचशे किलोमीटरवरून आलेला एक जण वातानुकूलित गाडीत झोपून येतो आणि दुसरा रात्रभर पिकअपच्या हौद्यात बसून. त्यांना किती गुण द्यायचे, हे कुणी ठरवायचं? शिवाय गुण ठेवलेच, तर मावशीच्या पत्त्यावर आधार कार्ड काढणारे निघतील, याबद्दल मला शंका नाही.

अमेरिकेनं दुसरी वाट काढली, आणि ती तुमच्या उपयोगाची आहे. तिथली राष्ट्रीय संघटना, एनएचआरए, वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये काढली. रस्त्यावर जिवावर उदार होऊन शर्यती लावणाऱ्या पोरांना सुरक्षित जागी आणायचं, हा हेतू. १९५४ मध्ये त्यांनी चार माणसं, एक स्टेशन वॅगन आणि मागं ट्रेलर असा लवाजमा देशभर फिरायला पाठवला. ट्रेलरमध्ये वेळ मोजायची यंत्रं, वायरी, भोंगे. ही मंडळी गावोगाव जात, तिथल्या पोलिसांशी बोलत, महायुद्धानंतर ओस पडलेली एखादी धावपट्टी शोधत, शर्यत कशी भरवायची ते स्थानिक क्लबाला शिकवत आणि पुढच्या गावाला निघत. म्हणजे पोरांनी घड्याळाकडं जाण्याऐवजी घड्याळच पोरांकडं आलं.

पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, पहिली राष्ट्रीय स्पर्धा ठरली तेव्हा जागा निवडली कॅन्ससमधलं ग्रेट बेंड, देशाच्या जवळजवळ मध्यावरचं छोटं गाव. तिथं बॉम्बफेकी विमानांसाठी बांधलेली लांबलचक धावपट्टी होती. सगळ्यांना सारखंच लांब पडावं, हा विचार उघड दिसतो. पण पावसानं घात केला, शेवटच्या फेऱ्या झाल्याच नाहीत, आणि त्या पुऱ्या करायला उरलेल्या स्पर्धकांना नोव्हेंबरात पार अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात जावं लागलं! त्यानंतर स्पर्धा कॅन्सस सिटी, ओक्लाहोमा सिटी, डेट्रॉइट अशी फिरली आणि १९६१ पासून इंडियानापोलिसला स्थिरावली. फिरती स्पर्धा कानाला न्याय्य वाटते. पण दर वर्षी नवी जागा म्हणजे नवी पट्टी, नवे धोके, नवा खर्च. वेगाच्या खेळात चांगली, ओळखीची, सुरक्षित पट्टी असणं हाही न्यायच आहे, म्हणून मला हे स्थिरावणं पटतं.

स्पर्धा एका जागी बसली, पण खालच्या पायऱ्या सगळीकडं पसरल्या. एनएचआरएनं हौशी स्पर्धकांसाठी सात विभाग पाडले. तुम्ही आधी तुमच्या गावच्या ट्रॅकवर पळता. तिथं वर्षभर चांगली कामगिरी केली तर ट्रॅकच्या संघातून विभागाच्या अंतिम स्पर्धेला जाता, आणि तिथून पुढं. जे वरच्या मालिकेत खेळतात त्यांच्याही ठरावीक संख्येच्याच स्पर्धा मोजल्या जातात, त्यातल्याही चांगल्या तेवढ्याच. पैशाच्या जोरावर देशभर तीस ठिकाणी हजेरी लावून गुणांचा डोंगर करता येत नाही. ही सगळ्यांत शहाणी तरतूद. तरी कुरकुर संपलेली नाही. ईशान्य विभाग आटोपशीर, ट्रॅक जवळजवळ. वायव्य विभागात मात्र अलास्का आणि कॅनडाचा पश्चिम भाग धरलेला, आणि सातव्या विभागात हवाई बेटं. तिथल्या माणसानं गाडी जहाजातून आणायची. तेव्हा वाशिम फारच आडबाजूला आहे असं वाटेल त्या दिवशी अँकोरेजच्या पोराला आठवा.

आता मामांकडं येऊ. तुम्ही त्यांचं नुसतं वाक्य दिलंत, पण त्यांचा अख्खा खेळच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची सरळ रेषेतली, काही सेकंदांची शर्यत. पूर्व विदर्भात बऱ्याच ठिकाणी दोन जोड्या समांतर सोडतात. आपल्या पश्चिम विदर्भाकडं जोडी एकटी पळते आणि घड्याळाशी झगडते. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट शंभर वर्षांहून जुना. कृषक सुधार मंडळ तो भरवतं, महाराष्ट्रातून आणि मध्य प्रदेशातून जोड्या येतात, आणि बायकाही धुरकरी म्हणून, म्हणजे जोडी हाकायला, छकडीवर उभ्या राहतात. वाशिमहून ते सव्वाशे-दीडशे किलोमीटर. लांबचा प्रवास जोडीलाही भोवतो: बैल सगळा वेळ उभ्यानं तोल सावरत येतो, पाणी कमी पितो, वैरणीला तोंड लावत नाही. म्हणून जाणते मालक जोडी आदल्या दिवशीच नेऊन उतरवतात. तुमच्या गाडीला निदान एवढं तरी नाही.

पण तळेगावला जाणारी जोडी तिथं पहिल्यांदा पळत नाही. ती आधी पंचक्रोशीतल्या पटात पळलेली असते, मग तालुक्यात. अनेक पटांच्या पत्रिकेत खुला गट वेगळा आणि गावगट, तालुकागट वेगळा ठेवतात, त्यांची इनामं वेगळी असतात. त्यामुळं दोनशे किलोमीटरवरून आलेल्या नावाजलेल्या जोडीनं मोठं इनाम नेलं तरी गावातल्या नव्या धुरकऱ्याला काही तरी उरतं, आणि मुख्य म्हणजे पळायला मिळतं. वेळ मोजायचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस पटागणिक गावोगाव फिरतो. अमेरिकेनं ट्रेलरमधून जे पाठवलं, ते इथं टेम्पोतून येतं. अंतराची सूट न देता अंतराचा जाच कमी करण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

आणि हे सगळं कायद्याच्या कचाट्यातून गेलेलं आहे, हेही ध्यानात घ्या. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायद्यात बदल केला, तोही अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, अटी आणि अनामत असा सगळा सोपस्कार करून पट भरतात. किचकट आहे, पण दर हंगामात गावं तो करतात.

दुचाकीला असं काही करता येईल का? कायद्यात वाट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ रस्त्यावरच्या शर्यतीला शिक्षा सांगतं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कलमात ‘राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय’ असे शब्द आहेत. म्हणजे संमती मागता येते. जागेचं म्हणाल तर पाव मैलाचा हट्ट सोडा. अमेरिकेतल्या लहान गावांत अर्ध्या अंतराच्या, २०१ मीटरच्या पट्ट्या पुष्कळ आहेत. त्याला थांबायची जागा धरून अर्ध्या किलोमीटरच्या आसपास सरळ, सपाट, कठडे लावता येतील असा रस्ता पुरतो. पाव मैलाला एक किलोमीटर सलग लागेल. औद्योगिक वसाहतीतला एखादा बंद करता येण्याजोगा रस्ता किंवा विमानं न उतरणारी धावपट्टी, यांचा विचार होऊ शकतो. तुमच्यासारखे अकोला, वाशिम, अमरावतीचे पाच-पन्नास जण मिळून क्लब नोंदवा आणि महासंघाशी संलग्न व्हा. राष्ट्रीय फेरी वाशिमला आणा अशी मागणी करू नका. ती कुणी मानणार नाही आणि मानू नये. मागायचं ते एवढंच, की वेळ मोजणारं यंत्र आणि एक जाणता अधिकारी वर्षातून एकदा विदर्भात यावा, आणि इथली नोंदलेली वेळ पुढच्या प्रवेशाला धरली जावी.

समृद्धी महामार्ग हे मात्र उत्तर नाही. कारंजा, शेलुबाजारजवळून तो मोकळा, सरळ रस्ता जाताना बघून हात शिवशिवत असतील, समजू शकतो. पण तिथं दुचाकीला प्रवेशच नाही, आणि १२०च्या वेगानं येणाऱ्या गाड्यांच्या मध्ये शर्यत लावणाऱ्याची वेळ कुणी मोजत नाही.

राहिला रेल्वेचा प्रश्न. गाडी पाठवता येते. तुम्ही त्याच गाडीनं तिकीट काढून जाणार असाल तर लगेज म्हणून, नसाल तर पार्सल म्हणून. आपल्या भागाला सोयीचं म्हणजे नागपूर. तिथून चेन्नईच्या थेट गाड्या रोज आहेत. मात्र नागपूरपर्यंत गाडी पिकअपमध्ये घालूनच न्यावी लागेल, कारण दुचाकी चालवत समृद्धीवर जाता येणार नाही आणि शर्यतीचे टायर साध्या रस्त्यावर झिजवणं मूर्खपणाचं. पार्सल कार्यालयात गाडीच्या आरसी बुकाची आणि ओळखपत्राची प्रत लागते, तेव्हा शर्यतीसाठी नंबर प्लेट काढली असली तरी कागद सोबत ठेवा. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, पाइपातलंसुद्धा काढा. हेडलाइट, टाकी आणि हँडल गोणपाटात नीट बांधून घ्या, पत्ता पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दोन ठिकाणी लावा. चेन्नईत उतरल्यावर इरुंगट्टुकोट्टई शहराबाहेर चाळीसेक किलोमीटर आहे, त्यासाठी टेम्पोचे पैसे वेगळे काढा. सीलबंद डब्यातलं इंजिन ऑइल गाडीसोबत न बांधता तिथंच विकत घ्या, आणि ते मोठे जेट मात्र पार्सलमध्ये न टाकता स्वतःच्या बॅगेत ठेवा. गाडी एक दिवस उशिरा पोचली, तरी ते हाताशी असतील.